तोंडावरचा पदर

बाई चिडल्या की त्यांचा आवाज चढत नसे, स्वच्छ होत असे. एरवी जरा घाईत असलेला तो आवाज रागात एकेक अक्षर सुटं करून समोरच्याच्या पुढ्यात ठेवी. “आपण. हे. कोणाला. विचारून. केलंत?” बिबवेवाडीतल्या आमच्या सोसायटीत हा प्रश्न पाण्याच्या टँकरवाल्यापासून चेअरमनपर्यंत सगळ्यांनी ऐकला होता. टँकरवाल्यालाही त्या ‘आपण’च म्हणत. शिवीपेक्षा ते जास्त लागे.

मी अकोल्याचा. नोकरीसाठी पुण्यात आलो आणि बाईंच्या फ्लॅटमधली एक खोली भाड्याने मिळाली. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, “काय करता?”

“सॉफ्टवेअर टेस्टिंग करून राहिलो.”

“करून कुठे राहिलात?”

“नाही म्हणजे... करतो.”

“मग तसं म्हणा. आणि चपला भिंतीकडे सरकवा.”

तेव्हापासून मी त्यांच्या लेखी ‘अकोलेकर’ झालो. माझं आडनाव ते नाही, हे मी एक-दोनदा सांगून पाहिलं. मग सोडून दिलं. पुढे कधीतरी, मी आईशी फोनवर बोलत असताना त्यांनी बराच वेळ ऐकलं असावं. फोन ठेवल्यावर म्हणाल्या, “तुमचं ते ‘करून राहिलो’ चूक नाही हं, अकोलेकर. काम अजून चालू आहे हे त्यात नेमकं कळतं. फक्त माझ्यासमोर एकदम म्हणत जाऊ नका. दचकायला होतं.”

बाईंची सगळी नोकरी कसबा पेठेतल्या एका शाळेत मराठी शिकवण्यात गेली होती. निवृत्त झाल्यावर त्यांनी एका संस्थेसाठी पुस्तकं वाचून द्यायला सुरुवात केली. दृष्टिहीन विद्यार्थ्यांच्या अभ्यासाची पुस्तकं मोबाइलवर मोठ्याने वाचायची, रेकॉर्ड करायची आणि संस्थेला पाठवायची. इतिहास, अर्थशास्त्र, शेवटीशेवटी कायदा. त्यातलं अर्धंअधिक त्यांनाही कळत नसे. पण कळत नाही म्हणून उच्चार चुकवायचा ही त्यांच्या दृष्टीने लबाडी होती. एकेका शब्दासाठी त्या भिंग घेऊन शब्दकोशात डोकं घालून बसत.

रेकॉर्डिंग चालू असताना घरात पाल चुकचुकली तरी गुन्हा. पंखा बंद, फ्रिज बंद. फ्रिज पुन्हा चालू करायचं त्या हमखास विसरत आणि संध्याकाळी नासलेल्या दुधाबद्दल मला जाब विचारत. शेजारच्या दोन घरांत जाऊन त्यांनी कुकर कधी लावायचा ते ठरवून घेतलं होतं. आणि एवढं करून त्या वाचायला बसत ते बेडरूममधल्या लोखंडी कपाटात. म्हणजे स्टूल कपाटाला लावून, दारं उघडी टाकून, डोकं साड्यांच्या चळतीत. साड्यांमुळे आवाज घुमत नाही, असं त्या सांगत. मी पहिल्यांदा तो देखावा पाहिला तेव्हा मला वाटलं, बाई कपाटाशी भांडतायत.

फोनला त्या जपत. धूळ लागू नये म्हणून त्यासाठी त्यांनी स्वतः विणलेली लोकरीची पिशवी होती, अबोली रंगाची. पिशवी तळाशी बंद, वरून नाडी. उन्हाळ्यात कपाटात घाम येतो म्हणून हाताला टाल्कम पावडर लावायची, मगच फोन पिशवीतून काढायचा, आणि प्रकरण संपलं की लगेच आत सरकवायचा. माझा फोन तसाच पँटच्या खिशात किल्ल्यांबरोबर असतो हे पाहून त्यांना माझ्या संस्कारांविषयी शंका आली होती.

अशात एके सकाळी संस्थेच्या गृहस्थांचा मेसेज आला. हे गृहस्थ वाचणाऱ्यांना पुस्तकं वाटून देत आणि आलेली रेकॉर्डिंग तपासत. बाईंनी मला हाक मारली आणि मेसेज मोठ्याने वाचून दाखवला. आदरणीय बाई, आपली सेवा अमूल्य आहे. तथापि अलीकडच्या रेकॉर्डिंगमध्ये आपला आवाज खोल गेल्यासारखा व अस्पष्ट वाटतो. वयोमानानुसार हे स्वाभाविकच. आपण आता विश्रांती घ्यावी. उरलेली प्रकरणे संगणकाच्या आवाजात करून घेत आहोत. खाली जोडलेले हात आणि एक गुलाब.

“‘तथापि’ बरोबर वापरलंय,” त्या म्हणाल्या. “बाकी सगळं निर्लज्ज आहे.”

मला त्या मेसेजचा आजही संताप येतो. आमच्या ऑफिसात काही बिघडलं की आधी केबल बघतात, मग मशीन, मग प्रोग्रॅम. माणसापर्यंत यायला दुपार होते. पण माणूस म्हातारा असला की हा क्रम उलटा होतो. आधी माणूसच बाद. त्याला फोन करून ‘काय झालं’ एवढंही विचारायचं नाही. वर गुलाब चिकटवायचा.

बाई चिडल्या, उत्तर लिहिलं, खोडलं. नंतरच्या दिवसांत मात्र मी वेगळंच पाहिलं. सकाळ-संध्याकाळ मिठाच्या गुळण्या सुरू झाल्या. ज्येष्ठमधाची काडी तोंडात आली. फ्रिज दिवसभर चालू राहू लागला. आणि एकदा मी चहा गाळत असताना त्या स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

“अकोलेकर, खरं सांगा. माझा आवाज गेलाय का?”

बाई मला प्रश्न पुष्कळ विचारत, पण त्यांचं उत्तर त्यांना आधीच ठाऊक असे. हे उत्तर त्यांना ठाऊक नव्हतं.

“नाही हो बाई. मला तर तसाच ऐकू येतो. जास्तच येतो.”

“मग तो गृहस्थ खोटं बोलतोय, की आपण?”

जुनी आणि नवी रेकॉर्डिंग मी लावून पाहिली होती. नव्यात आवाज खरंच दबलेला होता. ‘स’ आणि ‘श’ एकच येत होते, ‘ळ’ तर कुठे बुडून गेला होता. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. बाई माझ्यासमोर स्पष्ट बोलत होत्या आणि फोनमध्ये बोलत नव्हत्या.

त्याच आठवड्यात एका संध्याकाळी बाईंचा फोन वाजला. मी बाहेरच्या खोलीत होतो. मला फक्त बाईंचंच बोलणं ऐकू येत होतं. “कोण?... हो, मीच... अहो, मीच बोलतेय! यापेक्षा मोठ्याने कशी बोलू?” मग त्यांनी मला ओरडून बोलावलं. “अकोलेकर, इकडे या. साक्षीला. मी काय बोलतेय ते या मुलीला ऐकूच येत नाही म्हणे.” मलाही ऐकू यावं म्हणून त्यांनी स्पीकर लावला आणि फोन टेबलावर ठेवला. “हं. आता बोला.”

“आत्ता बगा!” पलीकडून एक मुलगी म्हणाली. “आत्ता एकदम साफ आलं. काय केलंत, बाई?”

“काही नाही. स्पीकर लावला.”

ती कायद्याच्या पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात तिसऱ्या वर्षाला होती. नाव सुवर्णा. खडकवासल्याच्या पुढे कुठेतरी तिचं गाव. जन्मापासून दिसत नव्हतं. संस्थेतल्या मावशींच्या मागे लागून तिने बाईंचा नंबर मिळवला होता.

“बाई, मी तीन वर्सं तुमच्याच आवाजात शिकले. करारकायद्याची शेवटची प्रकरणं आलीच न्हाईत. त्यांनी मशीनच्या आवाजात दिली. ते मशीन स्वल्पविरामाला थांबत न्हाई, आन् नको तिथं दम घेतं. कोण कुनाला नोटीस देतंय त्येच कळंना. पेपर तर पुढल्या आठवड्यात हाय.”

“माझा आवाज गेला आहे,” बाई म्हणाल्या. “असं आपल्या संस्थेचं मत आहे.”

“त्यांना काय कळतंय!” सुवर्णा एवढ्या तडक म्हणाली की बाई चपापल्या. “आवाज तुमचाच हाय, त्यात कायबी बदल न्हाई. पण तोंडावर कुनीतरी पदर धरल्यावानी येतोय. रेकॉर्डिंगमधीबी तसंच. मगाशी फोनवरबी तसंच. आत्ता स्पीकरवर तेवढा पदर निघाला. तो कुनाचा हाय त्ये बगा की.”

फोन ठेवल्यावर बाई तो उलटसुलट करून बघू लागल्या. मी म्हणालो, “बाई, फोनला बोलायची भोकं एकापेक्षा जास्त असतात. कानाला लावून बोलतो तेव्हा आणि रेकॉर्ड करतो तेव्हा बहुतेक खालचं वापरतो तो. स्पीकरवर वरचं वापरत असेल.”

“म्हणजे खालचं बिघडलंय?”

“किंवा बुजलंय.”

दुसऱ्या दिवशी आम्ही चौकातल्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात गेलो. काउंटरमागे पन्नाशीचा माणूस होता. बाईंनी तक्रार सांगितली. त्याने मान वर न करता निकाल दिला, “माइक उडाला काकू. खालची पट्टी बदलावी लागेल. ठेवून जा.”

“आपण अजून फोन हातातही घेतलेला नाही.”

तेव्हा त्याने फोन घेतला, उलटा केला, आणि सिमकार्ड काढायची पिन उचलली. “बघू जरा खुपसून.”

“थांबा.”

दुकानातली सगळी माणसं थांबली. कोणीतरी स्क्रीनगार्ड लावून घेत होतं, तेही.

“आपल्या कानात मळ साठला तर आपण सुई घालता?”

“काकू, रोजचं काम आहे आमचं.”

“रोज करता म्हणून बरोबर करता असं होत नाही. मी शाळेत होते, मला माहीत आहे. त्या भोकाच्या आत काय आहे?”

“माइक.”

“आणि माइकवर?”

त्याने पिन खाली ठेवली. मी हळूच म्हणालो, की आत बारीक पडदा असतो, टोचला तर फाटतो. हे मी एवढा वेळ का दाबून ठेवलं होतं, असं विचारल्यासारखं बाईंनी माझ्याकडे पाहिलं. फोन त्यांनी त्याच्या हातातून घेतला, पिशवीत घातला, नाडी ओढली. “आपण याला न बघता मृत घोषित केलंत,” त्या म्हणाल्या. “हल्ली तशी पद्धतच आहे.”

घरी येताना मी ऐकून घेतलं. दुकानात मी आधीच का बोललो नाही, इंजिनिअर होऊन मला लाज कशी वाटली नाही, वगैरे. लाज वाटली होती, पण सगळे आमच्याकडे बघत होते त्याची. ते सांगितलं असतं तर आणखी ऐकावं लागलं असतं.

फोन कसा साफ करावा याच्या कंपनीच्या सूचना मी माझ्या फोनवर शोधल्या आणि बाईंनी त्या मला मोठ्याने वाचायला लावल्या. फोन पूर्ण बंद करा. कव्हर काढा. मऊ, कोरडा ब्रश घ्या. पाणी किंवा कुठलंही द्रव भोकात जाऊ देऊ नका. टोकदार काही घालू नका. दाबाची हवा मारू नका.

“फुंकर?” बाईंनी विचारलं. “पाटीवरचा खडू उडवायला मारतात तशी?”

“नको. थुंकीची वाफ आत जाते.”

“माझी थुंकी?” बाई म्हणाल्या. पण फुंकर मारली नाही.

मऊ ब्रश म्हणून त्यांनी कपाटातून लहान मुलांचा टूथब्रश काढला, वेष्टनातला. नातू येणार म्हणून आणून ठेवलेला. नातू आला तेव्हा त्याच्याकडे विजेवर चालणारा होता. खिडकीपाशी भरपूर उजेडात आम्ही वर्तमानपत्र पसरलं. फोन बंद केला. मी टॉर्च धरला आणि बाईंनी शब्दकोशाचं भिंग फोनच्या खालच्या कडेवर आणलं. चार्जिंगच्या खाचेशेजारी बारीक भोकांची रांग होती. त्यातली काही काळीभोर दिसत होती. एक मात्र गच्च भरलेलं होतं.

बाईंनी भिंग माझ्या हातात दिलं. मी पाहिलं. लोकरीचे तंतू आणि त्यावर बसलेली पावडर, यांचा घट्ट बोळा. लोकर अबोली रंगाची होती.

“अ-बोली. रंगही नेमका हाच निवडला होता मी,” बाई म्हणाल्या.

त्यांनी फोन भोकं खाली करून धरला, म्हणजे निघालेलं आत न जाता खाली पडेल. मी ब्रश फिरवू लागलो. “दात घासताय का? हळू,” त्या म्हणाल्या. मी हलका हात ठेवला, एकाच दिशेने, टेकवून न टेकवल्यासारखा. थोडी पावडर कागदावर पडली. मग एक तंतू बाहेर आला. तो चिमटीत धरून ओढावा असं दोघांनाही वाटलं, पण ओढला तर निम्मा आत राहील म्हणून मी चिकटपट्टीचा तुकडा घेतला, भोकावर अलगद टेकवला आणि उचलला. तंतूंचा पुंजका पट्टीला लागून आला. पुन्हा ब्रश, पुन्हा नवी पट्टी. भिंगातून पाहिलं तर ते भोकही आता बाकीच्यांसारखं काळं दिसत होतं.

फोन चालू केला. बाईंनी रेकॉर्डर लावला आणि कपाटाकडे न जाता तिथेच, खिडकीत उभ्या राहून, क्षणभर विचार करून म्हणाल्या, “शशीच्या शेळीनं साळसूदपणे सगळी सोललेली केळी गिळली.”

ऐकलं. ‘श’ वेगळा, ‘स’ वेगळा. शेळी पूर्ण, केळीही पूर्ण. बाईंनी ते पुन्हा लावलं. मला वाटलं आता त्या हसतील. त्या खुर्चीवर बसल्या आणि चिकटपट्टीवरचा पुंजका बोटाने सोडवू लागल्या.

“लोकर अडकली होती,” त्या म्हणाल्या. “आणि मी गुळण्या करत होते. मी. माझ्या घशावर संशय घेतला मी, अकोलेकर. त्या माणसाच्या एका ‘तथापि’वर.”

पुढचे दिवस घरात फ्रिज चालू राहिला नाही. बाईंनी दबलेली प्रकरणं पहिल्यापासून पुन्हा वाचली आणि राहिलेलीही. पिशवी गेली, फोन आता धुतलेल्या सुती रुमालावर उघडा असे. रेकॉर्डिंग त्या थेट सुवर्णाला पाठवत. संस्थेला त्यांनी ती सगळ्यात शेवटी पाठवली. मग गृहस्थांचा फोन आला. मला पुन्हा साक्षीला बोलावलं.

“वा बाई! आवाज अगदी खणखणीत झालाय! काय औषध घेतलंत?”

“दात घासायचा ब्रश.”

“अं?”

“फोनचं भोक बुजलं होतं. फोन साफ करून बघा, एवढं लिहायला मला विश्रांती देण्यापेक्षा कमी शब्द लागले असते.”

“अहो, तुमच्या वयाचा मान ठेवून आम्ही...”

“मान ठेवू नका. नीट ऐका. आपलं काम ऐकण्याचं आहे ना? ज्या मुलीला पेपर द्यायचा आहे तिला दोन वाक्यांत कळलं. आपल्याला का कळलं नाही?” गृहस्थ काहीतरी पुटपुटले. बाईंचं त्याकडे लक्ष नव्हतं. “आणखी कोणाकोणाला विश्रांती दिलीत?”

“एक-दोघांना.”

“त्यांचे नंबर पाठवा.”

त्यांनी खरंच फोन केले. एक निवृत्त बँक अधिकारी होते. त्यांच्या मुलाने फोनला जाड रबरी कव्हर घातलं होतं, त्याचं भोक फोनच्या भोकासमोर येतच नव्हतं. बाईंनी त्यांना कव्हर काढायला लावलं, आणि ते अधिकारी पलीकडून मुलाला काय बोलले ते आमच्या खिडकीबाहेरही ऐकू गेलं असेल. दुसऱ्या एक वयस्कर बाई होत्या. त्यांच्याशी बाई फोनविषयी थोडंसंच बोलल्या. मग वाटली डाळ, लोणचं, गुडघे यांवर बराच वेळ बोलत राहिल्या. एवढं गोड बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. फोन ठेवून माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “त्यांचा फोन स्वच्छ आहे.” तो विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

परीक्षा झाल्यावर सुवर्णा भेटायला आली. तिचे वडील तिला गेटशी सोडून मार्केट यार्डला गेले. काठी दारात ठेवून ती आत आली आणि शेतातल्या ओल्या शेंगांची पिशवी टेबलाचा अंदाज घेत टेबलावर ठेवली. तिने बाईंचा हात हातात घेतला, आणि बाईंनी चक्क घेऊ दिला.

“पेपर?”

“करारकायदा चांगला गेला. बाकीचं निकालात कळंल.”

“बरं. पुढचं कोणतं पुस्तक वाचायचं ते सांगा. संस्थेच्या यादीची वाट बघायला नको.”

सुवर्णा जरा घुटमळली. “पुस्तक असं न्हाई, बाई. एखादी गोष्ट वाचाल का?”

“गोष्ट? कोणत्या परीक्षेला?”

“परीक्षेला न्हाई. नुसतीच. आई सांगायची लहानपनी, पण पुस्तकातली कुनी वाचली न्हाई कधी. संस्थेत मागितली मी. ते म्हनले, आधी अभ्यासाचं बगू, वाचणारी मान्सं कमी हायेत.”

“एकदाही नाही?”

“न्हाई.”

बाई उठल्या. त्यांच्या चेहऱ्यावरचा राग मी ओळखत होतो, पण तो कोणावर काढायचा हे त्यांना कळत नसावं. गृहस्थांवर, की गेली कित्येक वर्षं फक्त अभ्यासाचं वाचून पाठवणाऱ्या स्वतःवर. “अकोलेकर,” त्या म्हणाल्या, “माळ्यावरचा पुस्तकांचा गठ्ठा काढा. दोरी तोडा, सोडवत बसू नका.”

मी गठ्ठा काढून दिला आणि सवयीने त्यांच्यासमोर फोन ठेवला. त्यांनी तो बाजूला सारला. “हा कशाला? ही समोर बसली आहे.”

जुन्या कथांचं पुस्तक होतं. एका लग्नघरातून वरबापाची टोपी हरवते, अशी काहीतरी गोष्ट. बाई वाचू लागल्या, कायदा वाचायच्या तशाच, ताठ, प्रत्येक विराम पाळत. दुसऱ्या पानावर टोपी सापडते, ती आमटीच्या पातेल्यावर झाकण म्हणून. सुवर्णा खदकन हसली.

बाई थांबल्या. एवढी पुस्तकं त्यांनी वाचून दिली, पण वाचताना समोरून काही आवाज येण्याची त्यांना सवयच नव्हती. त्यांनी पानावरून मान वर करून तिच्याकडे पाहिलं. मग पुन्हा पानाकडे पाहिलं, आणि तेच वाक्य परत वाचलं. या वेळी सावकाश.